खालच्या विभागांत दर हंगामाला संघ बदलणाऱ्या फुटबॉलपटूने पुढे काय करावे?

खानापूरकर_मामा यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. माझ्या भाच्याविषयी सल्ला हवा आहे. गाव खानापूर तालुक्यात, शिक्षण बेळगावात, वय चोवीस सुरू. टिळकवाडीच्या लेले मैदानावर फुटबॉलचा नाद लागला तो सुटला नाही. राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा बचावपटू, म्हणून खेळतो. बी.कॉम. झाल्यावर तो बेंगळूरला ‘ए’ डिव्हिजनमधल्या एका संघात गेला, तिथून चोर्ला घाट उतरून गोव्यात फर्स्ट डिव्हिजनला, पुन्हा बेंगळूरला ‘ए’च्या वरच्या सुपर डिव्हिजनमधल्या एका संघाच्या राखीव बाकावर, आणि मधल्या काळात कोल्हापुरात एका पेठेच्या संघाकडून. प्रत्येक ठिकाणचा व्यवहार एका हंगामापुरता असतो, आणि काही ठिकाणी तर कागदही नसतो, नुसता शब्द असतो. मागच्या हंगामातल्या एका संघाकडे त्याचे अडीच महिन्यांचे मानधन अडकले आहे आणि तिथले व्यवस्थापक आता फोन उचलत नाहीत.

दाजींचा उद्यमबागेत फौंड्रीच्या जॉबवर्कचा छोटा कारखाना आहे. पोराने आता तिथे बसावे, अशी त्यांची इच्छा आहे. बहिणीची काळजी वेगळी: स्थळे पाहताना ‘मुलगा काय करतो’ असे कोणी विचारले की ती गप्प होते. भाचा मात्र म्हणतो, “मामा, अजून दोन हंगाम द्या.”

तो आयएसएल, म्हणजे देशातली सर्वांत वरची लीग, खेळणार नाही, हे त्यालाही कळते. मला जाणून घ्यायचे आहे ते हे, की त्याखालच्या पातळीवर पोट भरण्याजोगी कारकीर्द खरोखर असते का. असल्यास कोल्हापूर, गोवा आणि बेंगळूर यांपैकी कोणती वाट धरावी. आणि आपण सीमेच्या या बाजूला असताना खेळाच्या आधारे नोकरी कुठल्या सरकारकडे मागावी. ‘स्वप्न सोडू नका’ छापाची उत्तरे घरात पुष्कळ मिळाली आहेत, ती कृपया देऊ नयेत.

जुना_स्टॉपर यांचे उत्तर:

मामा, मी याच तिन्ही गावांचे पाणी प्यायलो आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आयएसएल आणि तिच्या खालची आय-लीग यांच्या खाली आय-लीग २ आहे, २०२३-२४ पासून आय-लीग ३ सुरू झाली आहे, आणि त्याही खाली राज्याराज्यांच्या लीग आहेत. हा सगळा डोलारा तुमच्या भाच्यासारख्या खेळाडूंच्याच जिवावर उभा आहे, कारण दर हंगामाला कुठल्या ना कुठल्या संघाचा राइट बॅक दुखावतो आणि प्रशिक्षकाला उद्याच्या सामन्यासाठी तयार माणूस हवा असतो. म्हणजे काम आहे. पण ते काम बारमाही नाही आणि मालकही टिकाऊ नाही. महिंद्रा युनायटेडसारखा मातब्बर संघ २०१० मध्ये बंद झाला, पुढच्याच वर्षी जेसीटीने गाशा गुंडाळला, पुणे एफसी २०१५ मध्ये आणि डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये गेले. गोव्यात पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडला आणि थेट २०२४ मध्ये वर चढून परत आला. मधल्या वर्षांत ऐन उमेदीत असलेल्या खेळाडूंचे काय झाले असेल, याचा विचार करावा. २०२५ च्या जुलैमध्ये तर खुद्द आयएसएलचाच हंगाम अधांतरी ठेवला गेला. वरची ही अवस्था असेल तर खालच्यांनी कोणाच्या भरवशावर राहावे?

आता कोल्हापूर. केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, साखळी सुरू झाली की शाहू स्टेडियम भरते, आणि पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, खंडोबा, बालगोपाल यांच्यापैकी कोणाही दोघांची गाठ पडली की शहर दोन तुकड्यांत वाटले जाते. आपल्या भागातल्या मुलाला तिथे भाषेची अडचण नाही, घरापासून दोन-अडीच तासांची वाट आहे, आणि बाहेरून आणलेल्या खेळाडूला पैसेही बऱ्यापैकी मिळतात. मात्र ते पैसे मंडळाच्या वर्गणीतून, स्थानिक पुढाऱ्याच्या खिशातून किंवा एखाद्या सराफाच्या बक्षिसातून येतात. सामना संपल्यावर तालमीच्या मागच्या खोलीत पाकीट हातात पडते. त्यावर ना सही असते ना शिक्का. जिंकल्यावर खांद्यावर घेणारे आणि हरल्यावर कट्ट्यावर जाब विचारणारे लोक तेच असतात. मला त्या मैदानाचे आजही वेड आहे, पण तिथून वर जायला जिना नाही. अनिकेत जाधव कोल्हापूरचा आणि २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, हे खरे. पण तो लहानपणीच क्रीडा प्रबोधिनीत आणि नंतर पुण्याच्या अकादमीत गेला होता.

बेंगळूरचे नेमके उलट आहे. अशोकनगरच्या स्टेडियमवर आठवड्याच्या मधल्या वारी भर दुपारी सामना, कृत्रिम हिरवळीवर पायाचे तळवे भाजताहेत, आणि प्रेक्षक म्हणून राखीव खेळाडूंचे मित्र, दोन-चार निवृत्त कारकून आणि चहावाला. मानधनातून खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे जेमतेम भागतात. परंतु राज्याचा संघ निवडणारी माणसे त्या रिकाम्या खुर्च्यांतच बसलेली असतात. कर्नाटकाने मार्च २०२३ मध्ये रियाधला मेघालयाला ३-२ असे हरवून ५४ वर्षांनी संतोष करंडक, म्हणजे राज्य संघांची राष्ट्रीय स्पर्धा, जिंकला, तेव्हा त्या संघातली बहुतेक मुले याच बेंगळूरच्या लीगमधली होती. शिवाय एचएएल हा विमान कारखाना, एमईजी आणि एएससी ही लष्कराची दळे, महालेखापाल कार्यालय असे खात्यांचे संघ तिथे पिढ्यान्‌पिढ्या खेळत आले आहेत. खात्याच्या संघात शिरलेला खेळाडू गुडघा गेला तरी खुर्चीवर बसून पगार घेतो. खासगी क्लबमध्ये गुडघा गेला की खोली रिकामी करावी लागते.

गोवा या दोहोंच्या मधले आहे. व्यवहार कोल्हापूरपेक्षा रीतसर, स्पर्धा कडक, आणि उन्हाळ्यात आंतरग्राम स्पर्धांतून वरकमाईही होते. पण तिथे राइट बॅक वाड्यावाड्यांवर तयार असतात, त्यामुळे बाहेरच्या मुलाने त्यांच्यापेक्षा थोडा नव्हे, बराच सरस असावे लागते. गोलकीपर किंवा सेंटर फॉरवर्ड असता तर मी गोवा सुचवले असते.

त्यामुळे माझे मत असे की त्याने बेंगळूर धरावे आणि तेही सुपर डिव्हिजनमध्ये प्रत्यक्ष मैदानावर उतरवणाऱ्या तळाच्या संघात. अव्वल संघाच्या बाकावर बसून हंगाम काढण्यात काही अर्थ नाही.

निपाणीचा_नऊ_नंबर यांचे उत्तर:

जुना_स्टॉपर यांचे म्हणणे मला जरा जास्तच सावध वाटते. जेमी वार्डी इंग्लंडमध्ये स्टॉक्सब्रिजसारख्या छोट्या संघात आठवड्याला तीस पौंडांवर खेळत होता आणि सोबत कारखान्यात काम करत होता. लेस्टरने त्याला २०१२ मध्ये घेतले तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता, आणि २०१६ मध्ये तो इंग्लिश लीगचा विजेता झाला. रिकी लॅम्बर्ट तर क्लब नसताना बीटच्या कारखान्यात बाटल्यांना झाकणे लावत होता, आणि पुढे इंग्लंडकडून पहिल्याच सामन्यात त्याने गोल केला. चोवीस म्हणजे काही म्हातारपण नव्हे. दोन हंगाम मागतो आहे तर द्यावेत.

कागद_आधी यांचे उत्तर:

नऊ_नंबर यांनी दिलेली दोन्ही उदाहरणे खरी आहेत, पण ती ज्या व्यवस्थेत घडली ती इथे नाही. इंग्लंडमध्ये तळाच्या विभागापासून वरपर्यंत बढती-घसरणीची अखंड साखळी आहे, त्यामुळे संघ वर गेला की खेळाडूही वर जातो. आणि खालच्या क्लबकडून खेळाडू विकत घेण्याची रीत असल्याने वार्डीसाठी त्याच्या आधीच्या फ्लीटवूड क्लबला दहा लाख पौंड मिळाले. आपल्याकडे आय-लीगच्या विजेत्याला आयएसएलमध्ये प्रवेश मिळू लागला तो पंजाबच्या रूपाने २०२३ मध्ये, आणि आयएसएलमधून २०२४-२५ च्या हंगामापर्यंत तरी खाली कोणीच आले नव्हते. एससी बेंगळूरु २०२४ मध्ये आय-लीगमध्ये चढला आणि एका हंगामात परत उतरला. अशा वेळी क्लब आधी करारच मोकळे करतो. इथे खालून वर जाणारा खेळाडू विकत घेतला जात नाही, करार संपल्यावर फुकट उचलला जातो, म्हणून त्याला जपण्यात कोणत्याच क्लबचा स्वार्थ नसतो.

आता अडकलेल्या पैशांविषयी. मी एका संघाच्या नोंदणीचे काम पाहतो, त्या अनुभवावरून सांगतो. फिफाच्या व्याख्येनुसार ज्याच्याकडे लेखी करार आहे आणि ज्याला खेळण्याच्या खर्चाहून अधिक मोबदला मिळतो, तोच व्यावसायिक खेळाडू. बाकीचे सगळे हौशी. तेव्हा अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन नोंदणी प्रणालीत, म्हणजे सीआरएसमध्ये, भाच्याचे नाव कोणत्या रकान्यात आहे, हे सर्वांत आधी पाहावे. पुष्कळ क्लब पगार देतात पण नोंदणी हौशी म्हणून करतात, आणि मग तक्रार करायला पायाच उरत नाही. तो व्यावसायिक म्हणून नोंदलेला असेल, तर करारात ठरलेली रक्कम, बँकेत जमा झालेले हप्ते आणि न आलेले महिने यांचा एक साधा तक्ता करून आधी क्लबला लेखी नोटीस द्यावी आणि नंतर राज्य संघटनेमार्फत महासंघाच्या खेळाडू-दर्जा समितीकडे जावे. भारतीय फुटबॉलपटूंची एफपीएआय ही संघटना अशा प्रकरणांत मदत करते, तिचे सभासदत्व घ्यावे. दिरंगाई करू नये. फिफाच्या स्वतःच्या न्यायाधिकरणापुढेदेखील दोन वर्षांहून जुने प्रकरण चालत नाही.

पुढच्या वेळेसाठी आणखी एक. हंगाम चालू असताना दोन महिन्यांचा पगार थकला, तर क्लबला किमान पंधरा दिवसांची लेखी मुदत देऊन खेळाडू करार मोडू शकतो आणि त्याच्यावर ठपका येत नाही, असा फिफाचा नियम आहे. मुले हे न करता चिडून सरावाला जाणे बंद करतात, आणि मग करार खेळाडूनेच मोडला असे क्लब दाखवून देतो. वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण झालास तरच करार लागू, असे कलमही टिकत नाही. ते दिसले तर सही करण्यापूर्वी खोडून घ्यावे.

खानापूरकर_मामा:

मनःपूर्वक आभार. भाच्याला विचारले. करार झाला होता, पण मूळ प्रत क्लबकडेच राहिली आणि याच्या मोबाइलमध्ये फक्त पहिल्या पानाचा फोटो आहे, ज्यावर रक्कम आहे पण सह्या नाहीत. पहिले तीन हप्ते बँकेत आले आहेत. यावर काही होऊ शकेल का? आणि नोकरीच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही.

कागद_आधी:

होऊ शकेल. व्यावसायिक म्हणून नोंदणी करताना करार जोडावा लागतो, तेव्हा तशी नोंदणी झाली असेल तर पूर्ण प्रत प्रणालीत असणारच. राज्य संघटनेकडे अर्ज करून ती मागावी. बँकेतले तीन हप्ते हा पूरक पुरावा झाला. ज्या व्हॉट्सअॅप गटात सरावाच्या वेळा कळवल्या जात होत्या, त्यातून बाहेर पडला नसेल तर तो गट तसाच ठेवावा. शेवटच्या महिन्यापर्यंत तो सरावाला येत होता, हे त्यावरून सिद्ध होते.

हुबळी_पॅसेंजर यांचे उत्तर:

नोकरीविषयी मी लिहितो, कारण मी स्वतः खेळाडूंच्या कोट्यातून लागलो आहे, आणि माझ्या मते सगळ्या चर्चेचा कणा इथे आहे.

रेल्वेच्या क्रीडा कोट्यातील भरतीसाठी वयाची अट १८ ते २५ अशी असते आणि त्यात कोणत्याही प्रवर्गाला सवलत नसते. भाच्याला चोवीस सुरू आहे. म्हणजे तो जे ‘दोन हंगाम’ मागतो आहे, त्यांतला दुसरा हंगाम संपेपर्यंत हे दार बंद झालेले असेल. पाय आणखी आठ वर्षे चालतील, पण अर्ज चालणार नाही. दक्षिण पश्चिम रेल्वेचे मुख्यालय हुबळीला, म्हणजे तुमच्या खानापूरहून एका गाडीच्या अंतरावर आहे. तिथल्या जाहिरातींवर आजपासून लक्ष ठेवावे, आणि केवळ फुटबॉल हा शब्द न पाहता कोणत्या जागेसाठी खेळाडू हवा आहे तेही वाचावे, कारण जाहिरातीत कित्येकदा डिफेंडर, गोलकीपर असा उल्लेख असतो.

मुख्य अडचण प्रमाणपत्राची असते. तुमच्या भाच्याने क्लबकडून कितीही सामने खेळले असले तरी भरतीच्या निकषांत ते सहसा मोजले जात नाहीत. राज्यातर्फे राष्ट्रीय स्पर्धेत किंवा विद्यापीठातर्फे आंतरविद्यापीठ स्पर्धेत मिळवलेले स्थान मोजले जाते. तेव्हा पुढचा क्लब निवडताना पैसे किती, हा प्रश्न दुसरा ठेवावा. त्या क्लबचे सामने राज्याचे निवडकर्ते पाहतात का, हा पहिला. या बाबतीत जुना_स्टॉपर यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. राज्याच्या संभाव्य खेळाडूंच्या शिबिरात नाव येण्यासाठी एक पूर्ण हंगाम मैदानावर दिसावे लागते. त्याच्या हाती तो एकच हंगाम आहे. वय उरले असताना पदव्युत्तर प्रवेश घेऊन विद्यापीठाच्या संघात खेळता येईल का, हेही राणी चन्नम्मा विद्यापीठात जाऊन विचारावे. ती वाट संतोष करंडकापेक्षा सोपी आहे आणि खेडोपाडीची मुले तिकडे फिरकतही नाहीत.

आता सीमेचा प्रश्न. महाराष्ट्रात शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, आणि सीमाभागातील ८६५ गावांतल्या मराठी भाषक उमेदवारांना पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला देऊन तिकडच्या भरतीत अर्ज करण्याची सोयही आहे. या दोन गोष्टी एकत्र केल्या की काम झाले, असे आपल्याकडे अनेकांना वाटते. तसे नाही. वास्तव्याचा दाखला अर्ज करण्यापुरता उपयोगी आहे. खेळाडू म्हणून जागा मागायची तर क्रीडा प्रमाणपत्राची विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळणी व्हावी लागते, आणि ते प्रमाणपत्र कोणत्या राज्याकडून खेळून मिळाले हे तिथे पाहिले जाते. भाच्याचे नोंदणीवरचे खेळणे कर्नाटकात आणि गोव्यात झाले आहे. कोल्हापुरात तो बाहेरचा खेळाडू म्हणून उतरला होता. त्या पाकिटाचे प्रमाणपत्र होत नाही. त्यामुळे महाराष्ट्रात त्याने सर्वसाधारण उमेदवार म्हणून खुशाल अर्ज करावेत, पण खेळाच्या जोरावर मागायचे ते कर्नाटकाकडे आणि केंद्राच्या खात्यांकडे. कर्नाटकाच्या नोकरीला कन्नड लागणार, हे त्याला सांगायला नको. बेंगळूरच्या ड्रेसिंग रूममध्ये तो ती शिकला असेलच.

जुना_स्टॉपर:

हुबळी_पॅसेंजर यांनी मांडलेला वयाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नसता, कारण माझ्या वेळी कोणी जाहिरातच दाखवली नाही. त्याला जोडून एवढेच, की या हंगामातच त्याने महासंघाचा ‘डी’ परवान्याचा प्रशिक्षक-अभ्यासक्रम करून टाकावा. तो थोड्या दिवसांचा असतो आणि खेळत असतानाही करता येतो. पुढे एएफसीचा, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाचा, ‘सी’, मग ‘बी’ अशी पायरी आहे. बेळगावात इंग्रजी माध्यमाच्या शाळा आणि टर्फवाले सध्या परवानाधारक प्रशिक्षक शोधत आहेत. राइट बॅकला अख्खे मैदान समोर दिसत असते, तो शिकवायला बरा पडतो. दाजींच्या कारखान्यात सकाळची पाळी आणि संध्याकाळी मुलांना प्रशिक्षण, असे करणारे माझ्या ओळखीत अनेक आहेत. स्थळे पाहताना बहिणीलाही सांगायला काहीतरी होईल.

खानापूरकर_मामा:

भाच्याला सगळी चर्चा वाचायला दिली. पंचवीसच्या अटीवर तो बराच वेळ काही बोलला नाही, मग हुबळीच्या जाहिराती शोधत बसला. त्याची एक शंका आहे: बेंगळूरच्या संघात नोंदणी झाल्यावर मधल्या सुट्टीत कोल्हापूरच्या पेठेकडून चार सामने खेळता येतील का? तिकडून निरोप आला आहे.

कागद_आधी:

बेंगळूरच्या क्लबने लेखी ना-हरकत दिली आणि नोंदणी रीतसर हलवली तरच. फिफाच्या नियमाप्रमाणे एका हंगामात तीन क्लबकडे नोंदणी होऊ शकते, पण अधिकृत सामने दोनच क्लबकडून खेळता येतात, तेव्हा कोल्हापुरात उतरला की त्याचा दुसरा क्लब संपला आणि हंगामाच्या मध्यात तिसऱ्या चांगल्या संघाने बोलावले तरी जाता येणार नाही. ना-हरकत न घेता दुसऱ्या नावाने उतरवण्याचे प्रकार होतात. त्यात पकडला गेल्यास बंदी खेळाडूवर येते, मंडळावर नव्हे. या एका हंगामापुरते कोल्हापूरला नाही म्हणावे.

निपाणीचा_नऊ_नंबर:

कोल्हापूरबाबत मीही हेच म्हणेन, आणि मी तर पाटाकडीलचा पंखा आहे. पेठेचे लोक विचारतील तेव्हा रेल्वेच्या ट्रायलचे कारण सांगावे. नोकरीचे कारण तिथे सगळ्यांना पटते.